मंगळयानाचा कोनीय संवेग : आधी अक्ष, मग हिशेब

२४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि इस्रोने त्या कक्षेचे आकडे जाहीर केले. मंगळाच्या पृष्ठभागापासून सर्वांत जवळचं अंतर ४२१.७ किमी, सर्वांत दूरचं ७६,९९३.६ किमी, मंगळाच्या विषुववृत्ताशी कक्षेचा कल १५० अंश आणि एका फेरीला ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद. कणाचा कोनीय संवेग शिकताना अकरावी-बारावीच्या मुलांना जे जे अडतं, ते बहुतेक सगळं या चार आकड्यांत दडलेलं आहे. म्हणून हे एकच प्रकरण शेवटपर्यंत उलगडायचं ठरवलं आहे.

मुळात अडतं कुठे? कोनीय संवेग म्हटलं की डोळ्यांसमोर चाक, पंखा, भोवरा अशा स्वतःभोवती फिरणाऱ्या वस्तू येतात, कारण पुस्तकात आधी भेटतं ते सूत्र त्यांचंच असतं : जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय वेग. मग पुढच्या पानावर सरळ रेषेत चाललेला एक कण येतो आणि त्याचा कोनीय संवेग काढायला सांगितलं जातं. विद्यार्थी विचारतो, ‘हा तर फिरतच नाही, मग त्याला कोनीय संवेग कसा?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘सूत्रात घाल, उत्तर येईल’ असं सांगून तो दडपू नये असं मला फार वाटतं. कोनीय संवेग कणाला एकट्याला चिकटलेला नसतो. कणाची गती आणि आपण निवडलेला अक्ष या दोघांमधलं ते नातं आहे. अक्ष सांगितला नाही, तर प्रश्नच अर्धा राहतो.

मंगळयानाला आपण कण म्हणणार आहोत. यानाची लांबी-रुंदी काही मीटरांची आणि कक्षा हजारो किलोमीटरची, त्यामुळे ते स्वतःभोवती कसं वळतं हे इथे बाजूला ठेवता येतं. दुसरी सोय वस्तुमानाची. उड्डाणाच्या वेळी यान १,३३७ किलोचं होतं, पण इंधन जळत गेलं तसं ते हलकं होत गेलं. म्हणून सगळे आकडे दर किलोमागे घेऊ. म्हणजे संवेगाच्या जागी नुसता वेग येतो आणि कोनीय संवेगाचं एकक ‘चौरस किमी प्रति सेकंद’ होतं. मंगळाची विषुववृत्तीय त्रिज्या ३,३९६.२ किमी धरू. गुरुत्व स्थिरांक आणि मंगळाचं वस्तुमान यांचा गुणाकार ४२,८२८ घन किमी प्रति सेकंद वर्ग. एवढ्या सामग्रीवर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो, आणि तो वाचकाने कॅल्क्युलेटर घेऊन पडताळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सरळ रेषेत येणारं यान

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ला श्रीहरिकोट्याहून निघालं, काही आठवडे पृथ्वीभोवती आपली कक्षा लांबवत राहिलं आणि १ डिसेंबरच्या पहाटे पृथ्वीची कक्षा सोडून निघालं. पुढचे जवळजवळ दहा महिने ते सूर्याभोवतीच्या वाटेवर होतं. २२ सप्टेंबर २०१४ला ते मंगळाच्या गुरुत्वाच्या प्रभावक्षेत्रात आलं, तेव्हा मंगळापासून पाच लाख किलोमीटरहून थोडं अधिक दूर होतं. इतक्या अंतरावर मंगळाची ओढ क्षीण असते. मंगळावर बसून पाहिलं असतं तर यान जवळपास सरळ रेषेत, जवळपास एकसमान वेगाने येताना दिसलं असतं.

म्हणजे पुस्तकातला तो सरळ चालणारा कण आपल्यासमोर उभा आहे. त्याचा कोनीय संवेग कशाभोवती काढायचा? मंगळाच्या केंद्रातून जाणारी आणि यानाच्या वाटेच्या प्रतलाला लंब असलेली एक रेषा घेऊ. हा आपला पहिला अक्ष. यानाची वाट सरळ पुढे वाढवली तर ती या अक्षाच्या बाजूने, काही अंतर राखून निघून जाईल. त्या सरळ वाटेवर अक्षापासून टाकलेल्या लंबाची लांबी म्हणजे लंबांतर. दर किलोमागे कोनीय संवेग म्हणजे वेग गुणिले हे लंबांतर. बस, एवढंच.

यान पाच लाख किमीवर असो वा तीन लाखांवर, सरळ वाट तीच असेल तर लंबांतर तेच राहतं. अंतर घटतं, पण त्याच वेळी वेग आणि स्थितिरेषा (अक्षापासून यानापर्यंत ओढलेली रेषा) यांच्यातला कोन वाढतो आणि दोन्ही मिळून गुणाकार जागचा हलत नाही. महामार्गाच्या कडेला उभं राहून समोरून जाणारी एसटी पाहा. ती दूर असते तेव्हा मान जेमतेम हलते आणि अगदी समोर येते तेव्हा झर्रकन वळवावी लागते. एसटी सरळच चालली आहे, वेगही तोच आहे, तरी तुमच्याभोवती ती वळते आहे. मान वळण्याचा वेग सारखा बदलतो, पण तुमच्यापासून एसटीपर्यंत ओढलेली रेषा दर सेकंदाला जे क्षेत्रफळ झाडून काढते ते मात्र बदलत नाही. कारण पाया तेवढाच आणि उंची म्हणजे तुमचं रस्त्यापासूनचं अंतर, असे ते त्रिकोण असतात. या क्षेत्रफळाची दुप्पट म्हणजेच दर किलोमागे कोनीय संवेग.

एसटी थेट तुमच्या अंगावर आली तर मान वळणारच नाही. लंबांतर शून्य, कोनीय संवेग शून्य. मंगळयानाच्या बाबतीत याचा अर्थ एकच होता : मंगळावर आदळणं.

मग यानाचं लंबांतर किती असावं? इस्रोच्या आकड्यांवरून ते मागे जाऊन काढता येतं. कक्षेत शिरताना इंजिनाने यानाचा वेग १,०९९ मीटर प्रति सेकंदाने कमी केला. कमी झाल्यानंतर निकटबिंदूपाशी, म्हणजे कक्षेतल्या मंगळाच्या सर्वांत जवळच्या जागी, वेग ४.६३ किमी प्रति सेकंद होता (हा आकडा कसा येतो ते खाली येईलच). सगळा वेग निकटबिंदूपाशी एका क्षणात कमी झाला असं सोयीसाठी मानलं तर त्याआधीचा वेग ५.७३ किमी प्रति सेकंद होतो. यातून मंगळाच्या ओढीने मिळालेला वाटा ऊर्जेच्या हिशेबाने वजा केला की दूरवरचा वेग सुमारे ३.२ किमी प्रति सेकंद येतो. निकटबिंदूपाशी कोनीय संवेग ५.७३ गुणिले ३,८१८, म्हणजे साधारण २१,९०० चौरस किमी प्रति सेकंद. मंगळाचं गुरुत्व हा आकडा बदलू शकत नाही, त्यामुळे दूरवरही तो तेवढाच असला पाहिजे. त्याला ३.२ने भागलं की लंबांतर मिळतं : सुमारे ६,८०० किमी.

हा आकडा मला विलक्षण वाटतो. मंगळाच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतर राखून नेम धरला, तर गुरुत्व वाट वाकवून यानाला पृष्ठभागापासून चारेकशे किमीवर आणून सोडतं. हाच हिशेब उलटा केला तर पृष्ठभागाला घासून जाणारं लंबांतर सुमारे ६,३०० किमी येतं. नेम आणि अपघात यांच्यात पाचशे किलोमीटरचं अंतर होतं, आणि तेही कोट्यवधी किलोमीटरच्या प्रवासानंतर. मोहिमेचे अभियंते ‘यान कुठे आहे’ याइतकीच ‘सरळ वाट केंद्राला किती अंतरावरून चुकते’ याची चिंता का करतात, ते यातून कळतं. त्यांचं लक्ष्य म्हणजे एका अर्थाने कोनीय संवेगाचा एक ठरावीक आकडा असतो.

चार सेकंद आणि तेवीस मिनिटं

आता टॉर्क. कोनीय संवेग बदलायचा तर अक्षाभोवती टॉर्क हवा, आणि टॉर्क म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या रेषेचं अक्षापासूनचं लंबांतर. मंगळाचं गुरुत्व यानाला थेट केंद्राकडे ओढतं. त्या ओढीची रेषा केंद्रातून, म्हणजे आपल्या अक्षातूनच जाते. लंबांतर शून्य, टॉर्क शून्य. ओढ कितीही वाढली तरी तिच्याने या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग तसूभरही हलत नाही. ते काम फक्त इंजिनाला जमतं.

मंगळयानाचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं होतं. पृथ्वी सोडल्यापासून ते जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. ते पुन्हा पेटेल का, ही खरी धाकधूक होती. म्हणून २२ सप्टेंबरला ते सुमारे चार सेकंद चालवून पाहिलं आणि त्याच चाचणीत मार्गही थोडा सुधारून घेतला. वेगातला बदल २.१८ मीटर प्रति सेकंद होता. दोन दिवसांनी, २४ तारखेला, तेच इंजिन आठ छोट्या इंजिनांच्या साथीने १,३८८.६७ सेकंद, म्हणजे तेवीस मिनिटांहून थोडं जास्त चाललं आणि वेग १,०९९ मीटर प्रति सेकंदाने उतरला.

वेगबदलाच्या हिशेबाने दुसरी घटना पहिलीच्या पाचशे पट मोठी. कोनीय संवेगाच्या हिशेबाने किती?

चाचणीच्या वेळी यान मंगळापासून सुमारे पाच लाख किमीवर होतं. तो २.१८ मीटरचा झटका पूर्णपणे आडवा, म्हणजे स्थितिरेषेला लंब बसला असं धरलं तर कोनीय संवेगातला बदल ५,००,००० गुणिले ०.००२१८, म्हणजे हजाराच्या थोडा वर. ही कमाल मर्यादा झाली, कारण झटक्याचा जो भाग स्थितिरेषेच्या दिशेने असेल तो या हिशेबात धरला जात नाही. तेवीस मिनिटांच्या ज्वलनात यान केंद्रापासून ३,८१८ किमीच्या आसपास होतं. बदल ३,८१८ गुणिले १.०९९, म्हणजे सुमारे ४,२००. पाचशे पट मोठा वेगबदल, पण कोनीय संवेगातला बदल जेमतेम चौपट. बाकीचं काम अंतराने केलं.

दूर असताना आडवा दिलेला छोटा धक्का एवढा परिणाम का करतो, हे पुष्कळ विद्यार्थी पाठ करतात. इथे ते समोर घडताना दिसतं. हजार चौरस किमी प्रति सेकंदाच्या बदलाला ३.२ने भागा : नेम तीनशे किलोमीटरने सरकला. घासून जाणं आणि नेम साधणं यांत पाचशे किलोमीटरचं अंतर असताना चार सेकंदांच्या चाचणीचं मोल केवढं होतं, ते आपोआप कळतं.

एक खुलासा करायला हवा. खरं ज्वलन क्षणभराचं नव्हतं. त्या तेवीस मिनिटांत यान सात हजार किमीच्या आसपास सरकलं आणि अंतर व दिशा दोन्ही बदलत गेल्या. त्यामुळे ज्वलनाआधीचे आकडे ढोबळ समजावेत. ज्वलनानंतरच्या कक्षेचा हिशेब मात्र काटेकोर करता येतो, आता तिकडे वळू.

दोन टोकं, एकच आकडा

जाहीर झालेली अंतरं पृष्ठभागापासूनची आहेत. कोनीय संवेगाला केंद्रापासूनची लागतात, कारण अक्ष केंद्रातून जातो. त्रिज्या मिळवली की निकटबिंदू ३,८१७.९ किमीवर आणि दूरबिंदू ८०,३८९.८ किमीवर येतो. परीक्षेत त्रिज्या मिळवायची राहून जाते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या दोन्ही बिंदूंपाशी वेग स्थितिरेषेला काटकोनात असतो. त्यामुळे कोनीय संवेग म्हणजे सरळ अंतर गुणिले वेग. पहिलं समीकरण : दोन्हीकडचा हा गुणाकार सारखा. दुसरं : दोन्हीकडची एकूण ऊर्जा सारखी. अज्ञात दोनच, दोन टोकांचे वेग. सोडवलं की निकटबिंदूपाशी ४.६२८ किमी प्रति सेकंद आणि दूरबिंदूपाशी ०.२२० किमी प्रति सेकंद मिळतात. दूरच्या टोकाला यान सेकंदाला २२० मीटर चालतं, म्हणजे प्रवासी विमानापेक्षाही हळू. अंतर २१ पट वाढलं, वेग २१ पटीने उतरला. कुठल्याही टोकाला गुणाकार करा, १७,६६९ चौरस किमी प्रति सेकंद येतो.

हा आकडा बरोबर आहे हे कशावरून? इथे केप्लर मदतीला येतो. समान काळात समान क्षेत्रफळ, हा त्याचा १६०९ सालचा नियम ग्रहांसाठी होता, पण मंगळयानालाही तो तितकाच लागू आहे, कारण तो कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचाच दुसरा चेहरा आहे. १७,६६९चा निम्मा, म्हणजे ८,८३४.६ चौरस किमी, हे दर सेकंदाला झाडलं जाणारं क्षेत्रफळ. आता पूर्ण लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ काढू. अर्धदीर्घअक्ष दोन अंतरांची सरासरी, ४२,१०३.९ किमी. अर्धलघुअक्ष दोन अंतरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, १७,५१९ किमी. दोघांचा गुणाकार पायने (π) गुणला की सुमारे २३१.७३ कोटी चौरस किमी. त्याला ८,८३४.६ने भागा : २,६२,३०० सेकंद. इस्रोचे ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद म्हणजे २,६२,३११ सेकंद. तीन दिवसांच्या फेरीत दहा-बारा सेकंदांचा फरक! फक्त दोन अंतरं घेऊन निघालो आणि प्रत्यक्ष जाहीर झालेल्या फेरीच्या वेळेपर्यंत पोचलो. शाळेच्या भौतिकशास्त्रात यापेक्षा समाधान देणारी पडताळणी क्वचितच मिळते.

वेग उतरण्याचा एक व्यावहारिक परिणामही पाहण्यासारखा आहे. यान केंद्रापासून ४२,१०४ किमीहून दूर असतं तो काळ एका फेरीच्या सुमारे ७९ टक्के भरतो, म्हणजे ७२.९ तासांपैकी साडेसत्तावन्न तास. मंगळाजवळून ते झपाट्याने निघून जातं आणि लांबवर रेंगाळतं. २८ सप्टेंबर २०१४ला मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याने मंगळाचा पूर्ण गोल टिपला, तेव्हा त्याची उंची सुमारे ७४,५०० किमी होती. त्या क्षणी आपल्या हिशेबाने वेग सेकंदाला २९० मीटरच्या आत होता. अख्खा ग्रह एका चौकटीत पाहायला लागणारं अंतर आणि निवांत वेळ, दोन्ही या लांबुळक्या कक्षेने दिले.

दूरबिंदूचं आणखी एक महत्त्व. तिथे सेकंदाला एक मीटर एवढाच वेग पुढच्या दिशेने वाढवला तर कोनीय संवेग ८० चौरस किमी प्रति सेकंदाने वाढतो आणि निकटबिंदू सुमारे ३६ किमी वर उचलला जातो. तोच एक मीटर निकटबिंदूपाशी दिला तर कोनीय संवेगात चारचीही भर पडत नाही. म्हणून निकटबिंदूची उंची बदलायची तर दूरबिंदूपाशी जाऊन इंजिन चालवायचं.

कोन विसरला की काय होतं

दोन टोकांपाशी काटकोन असल्यामुळे ‘अंतर गुणिले वेग’ चालून गेलं आणि हीच सवय पुढे नडते. अर्धलघुअक्षाच्या टोकाचा बिंदू घेऊ. तिथे केंद्रापासूनचं अंतर बरोबर ४२,१०३.९ किमी असतं आणि वेग १.००८६ किमी प्रति सेकंद. सरळ गुणाकार केला तर ४२,४६५ येतात, खऱ्या आकड्याच्या अडीच पटींहून थोडं कमी. म्हणजे कोनीय संवेग मध्येच वाढला आणि पुन्हा घटला? तसं होणं शक्य नाही, टॉर्क कुठेच नाही.

गफलत कोनात आहे. त्या बिंदूपाशी वेगाची दिशा आणि स्थितिरेषा यांत फक्त २४.६ अंशांचा कोन आहे. यान बहुतांशी केंद्रापासून दूर पळतं आहे आणि त्याच्या वेगाचा थोडाच भाग आडवा आहे. साइन २४.६ म्हणजे ०.४१६, आणि ४२,४६५ला त्याने गुणलं की पुन्हा १७,६६९. दुसऱ्या वाटेने पाहायचं तर त्या बिंदूपाशी वेगाची रेषा अर्धदीर्घअक्षाला समांतर असते, म्हणून केंद्रापासून तिचं लंबांतर नेमकं अर्धलघुअक्षाएवढं, १७,५१९ किमी. १.००८६ गुणिले १७,५१९, उत्तर तेच. या दोन पद्धतींतली लंबांतराची मला जास्त भावते, कारण ती डोळ्यांनी दिसते. आकृती काढली, वेगाची रेषा वाढवली, केंद्रातून लंब टाकला की साइनची आठवणही काढावी लागत नाही.

मोठी कक्षा म्हणजे मोठा कोनीय संवेग, हा समजही इथेच तपासून घेऊ. मंगळाचा चंद्र फोबोस केंद्रापासून सुमारे ९,३७६ किमीवर, जवळपास वर्तुळात फिरतो. त्याचा वेग २.१४ किमी प्रति सेकंद, म्हणून दर किलोमागे कोनीय संवेग वीस हजारांच्या आसपास. मंगळयान ८० हजार किमीपर्यंत जातं, तरी त्याचा आकडा १७,६६९च! इतकाच कोनीय संवेग ७,२९० किमी त्रिज्येच्या लहानशा वर्तुळात फिरणाऱ्या यानाचाही असता. दूर जायला ऊर्जा लागते. कोनीय संवेग किती, ते वाट केंद्राला किती बगल देऊन जाते यावर ठरतं, आणि मंगळयानाची वाट अरुंद आहे.

अक्ष बदलला की

आतापर्यंत अक्ष कक्षेच्या प्रतलाला लंब होता. पण मंगळाला स्वतःचा एक अक्ष आहे, तो ज्याच्याभोवती फिरतो तो, एका ध्रुवातून दुसऱ्या ध्रुवाकडे जाणारा. त्याच्याभोवती मंगळयानाचा कोनीय संवेग किती?

कक्षेचा कल १५० अंश आहे हे इथे कामी येतं. कोनीय संवेग ही सदिश राशी आहे. उजव्या हाताच्या नियमाने तिची दिशा कक्षेच्या प्रतलाला लंब असते, आणि कल म्हणजे या सदिशाचा मंगळाच्या उत्तर ध्रुवाच्या दिशेशी असलेला कोन. एखाद्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग म्हणजे त्या अक्षावरचा सदिशाचा घटक. म्हणून १७,६६९ गुणिले कोसाइन १५०, उत्तर उणे १५,३०२ चौरस किमी प्रति सेकंद.

उणे चिन्हाला विद्यार्थी घाबरतात आणि उत्तर लिहिताना ते गाळूनही टाकतात. त्यात मोठी बातमी असते. मंगळाच्या उत्तर ध्रुवावरून खाली पाहिलं तर मंगळ, फोबोस आणि डिमोस घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरताना दिसतात. मंगळयान काट्यांच्या दिशेने, म्हणजे ग्रहाच्या उलट फिरताना दिसतं. ते एक चिन्ह एवढं सगळं सांगतं.

हाच आकडा सदिशाशिवायही काढता येतो. यानाचं ध्रुवीय अक्षापासूनचं अंतर घ्या, केंद्रापासूनचं नव्हे. वेगाचे तीन भाग करा : अक्षापासून दूर जाणारा, अक्षाला समांतर आणि अक्षाभोवती वळणारा. पहिल्या दोहोंचा इथे काही वाटा नाही. तिसरा भाग गुणिले अक्षापासूनचं अंतर म्हणजे अक्षाभोवतीचा कोनीय संवेग. नजरेला सोपं करायचं तर कक्षेची सावली विषुववृत्ताच्या प्रतलावर पाडा. ती सावली सेकंदाला ७,६५१ चौरस किमी क्षेत्रफळ झाडते, उलट्या दिशेने.

याच यानासाठी केंद्रातून जाणारा तिसरा अक्ष घ्या, जो कक्षेच्या प्रतलातच पडलेला आहे. त्याच्याभोवतीचा कोनीय संवेग शून्य! नेमक्या ९० अंशांच्या ध्रुवीय कक्षेत फिरणाऱ्या यानाचा ध्रुवीय अक्षाभोवतीचा कोनीय संवेगही असाच शून्य असतो, मग ते कितीही वेगाने जावो. आणि सूर्याच्या केंद्रातून, ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलाला जवळपास लंब जाणारा अक्ष घेतला तर मंगळाबरोबर वाहत जाणाऱ्या त्या यानाचा दर किलोमागे कोनीय संवेग सुमारे ५४८ कोटी चौरस किमी प्रति सेकंद भरतो, म्हणजे १७,६६९च्या तीन लाख पट. शिवाय त्या अक्षाभोवती तो स्थिरही राहत नाही, कारण मंगळाच्या ओढीची रेषा सूर्यातून जात नाही आणि टॉर्क तयार होतो. यान एक, क्षण एक, वेग एक, आणि उत्तरं चार. चारही बरोबर. ‘कोनीय संवेग अक्षय्य असतो’ हे वाक्य ‘कुठल्या अक्षाभोवती’ हे सांगितल्याशिवाय लिहिलं तर ते चूकच धरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

केंद्राभोवतीचा सदिश आणि अक्षाभोवतीचा घटक यांतला भेद नुसता पुस्तकी नाही. आतापर्यंत मंगळ पूर्ण गोल मानला होता, पण तो ध्रुवांपाशी चपटा आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ३,३९६ किमी आणि ध्रुवीय ३,३७६ किमी, वीस किलोमीटरचा फरक. विषुववृत्तावरच्या त्या फुगवट्यामुळे यानावरची ओढ नेमकी केंद्राकडे राहत नाही, किंचित तिरकी होते. केंद्राभोवती लहानसा टॉर्क तयार होतो आणि कोनीय संवेगाचा सदिश हलू लागतो. पण फुगवटा ध्रुवीय अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखा आहे. त्यामुळे त्याची तिरकी ओढ यान आणि अक्ष यांना सामावणाऱ्या प्रतलातच राहते. अक्षाभोवती वळवणारा भाग तिच्यात नाही, म्हणून त्या अक्षाभोवतीचा टॉर्क शून्यच. परिणामी सदिशाचं टोक ध्रुवीय अक्षाभोवती वर्तुळ काढत फिरतं आणि कक्षेचं प्रतल वळत जातं, तरी उणे १५,३०२ हा घटक फुगवट्याच्या ओढीने बदलत नाही. फक्त फुगवटा धरून हिशेब केला तर हे वळणं वर्षाला सुमारे २४ अंश येतं. सूर्याची दूरवरची ओढ मात्र ध्रुवीय अक्षाभोवती अशी सर्व बाजूंनी सारखी नसते. एवढ्या लांबुळक्या कक्षेत, जिथे यान दूरबिंदूपाशी तासन् तास रेंगाळतं, तिथे ती निकटबिंदूची उंचीही हळूहळू बदलवत नेते.

सहा महिन्यांसाठी आखलेली ही मोहीम २०२२पर्यंत चालली. त्या वर्षी यानाशी संपर्क तुटला आणि ते पुन्हा हाती लागणार नाही असं इस्रोने जाहीर केलं. इंजिन नाही, संदेश नाही, म्हणजे अक्षाभोवती मुद्दाम टॉर्क देणारं आता कोणी उरलेलं नाही. वर्षाला २४ अंश हा आकडा आठ वर्षांवर पसरला तर कक्षेचं प्रतल मूळ जागेपासून अर्ध्या वर्तुळाहून अधिक वळलं असं निघतं. ज्याला पुढे जायचं आहे त्याने यात सूर्याची ओढ मिळवून पाहावी. फुगवट्याच्या मानाने ती बरीच लहान असल्याचं दिसेल, पण ध्रुवीय अक्षाभोवतीचा आकडा हलवू शकणारी ती मुख्य ओढ आहे.